युद्धरेषेजवळच्या गावात रोख मदत चालेल का? नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी तपासणीची पद्धत

पूर, दुष्काळ, भूकंप यांत मदतकार्य केलेली मराठी मंडळीसुद्धा युक्रेनच्या कामावर पहिल्यांदा रुजू झाली की एका कागदापाशी अडतात. 'दोनेत्स्क प्रांतातल्या अमुक ह्रोमादात रोख मदत शक्य आहे का, कळवा.' ह्रोमादा म्हणजे अनेक गावांचं मिळून एक स्थानिक प्रशासन. त्यातलं एखादं गाव युद्धरेषेपासून ८ किलोमीटरवर असतं, दुसरं ३५ वर. एकात दुकान चालू, दुसऱ्यात वीजही नाही. आणि वरून उत्तर एकच हवं असतं, हो किंवा नाही. हे उत्तर जबाबदारीने कसं शोधायचं, ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

आधी माझी भूमिका सांगतो, म्हणजे पुढचं कुठून आलं ते कळेल. सुरुवात रोख पैशापासून करावी आणि तो का चालणार नाही हे सिद्ध करण्याचा भार 'वस्तूंचे किट वाटू' म्हणणाऱ्यावर ठेवावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं मोठं आक्रमण झालं तेव्हा युक्रेनमध्ये बँका चालू राहिल्या, कार्डं चालत राहिली, सरकारी सेवांचं 'दिया' ॲप लोकांच्या फोनमध्ये आधीपासून होतं. म्हणून त्याच वर्षी लाखो लोकांपर्यंत पैसे थेट पोहोचवता आले. घरात डायपर संपलेत, सरपण लागतंय, की मुलीकडे जायला बसभाडं हवंय, हे त्या घरातल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तिसऱ्यांदा मिळालेलं तेल आणि गव्हासारखं शिजवायचं बकव्हीट कोपऱ्यात पडून असतं आणि मधुमेहाच्या रुग्णाला साखर तपासायच्या पट्ट्या मिळत नाहीत, हे दृश्य युद्धरेषेजवळ कुणालाही दिसेल. पण तिथेच पैसा निरुपयोगी होण्याची, क्वचित जीवघेणा ठरण्याचीही शक्यता असते. म्हणून तपासणी लागते, आणि ती गावागावाने लागते.

पहिली पायरी: किलोमीटर मोजून थांबू नका

कार्यालयातल्या नकाशावर युद्धरेषेला समांतर पट्टे आखलेले असतात. २० किलोमीटरच्या आत अमुक मदत, बाहेर तमुक. नियोजनाला ते सोयीचं आहे, गावाची अवस्था मात्र त्यातून कळत नाही.

खेरसन शहर नोव्हेंबर २०२२ मध्ये मुक्त झालं, पण रशियन सैन्य द्निप्रो नदीच्या पलीकडच्या काठावर ठाण मांडून राहिलं. त्यानंतरही शहरात बँका होत्या, एटीएम होती, सुपरमार्केटं उघडी होती. कागदावर रोख मदतीला सगळं अनुकूल. तरीही नदीकाठच्या वस्तीतली एखादी आजी दोन चौक ओलांडून दुकानात जाऊ शकत नव्हती, कारण ड्रोन रस्त्यावरचा माणूस, सायकल, बस हेरून मारत होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटलं. अशा ठिकाणी 'दुकानापर्यंतचं अंतर ४०० मीटर' या नोंदीचा अर्थ काय लावायचा?

म्हणून प्रत्येक गावासाठी पहिली नोंद रस्त्याची करा. शहराकडे जाणारा रस्ता कोणता, त्यावर पूल आहे का, तो शाबूत आहे का, ड्रोनपासून बचावासाठी वर जाळी बांधली आहे का, बस धावते का आणि कोणत्या वारी. संचारबंदी किती वाजता लागते. पाऊस पडल्यावर किंवा बर्फ वितळल्यावर कच्चा रस्ता राहतो का. ही माहिती गावप्रमुखाकडून, म्हणजे तिथल्या 'स्तारोस्ता'कडून, फोनवर मिळते. त्यासाठी तुम्ही स्वतः तिथे जाण्याची गरज नाही, आणि पहिल्या टप्प्यात जाऊही नका.

दुसरी पायरी: बाजार आहे का, हे नीट विचारा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पैसा हातात येऊन घ्यायला काही नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

'तुमच्या गावात दुकान आहे का?' असा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा 'आहे' असं उत्तर येतं. इमारत असते, पाटी असते. त्यापेक्षा असं विचारत जा. काल घरात काय विकत आणलं? कुठून? पाव कोण आणतं, कोणत्या वारी? गेल्या आठवड्यात तो वार चुकला का? दुकानदारबाई माल आणायला स्वतः जातात की कुणी पोहोचवतं? त्यांनी पेट्रोल कुठून घेतलं? अंडी मिळाली का? बटाटे घरचेच असतील, मग तेल, साबण, मीठ, डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या? आणि शेवटी: दुकानात कार्ड चालतं की फक्त नोटा?

या बोलण्यातून गावाचं चित्र उभं राहतं. उदाहरणार्थ असं गाव घ्या, जिथे दुकान बंद पडलंय, पण मंगळवारी आणि शुक्रवारी एक माणूस शहरातून व्हॅनमध्ये पाव, तेल, सॉसेज घेऊन येतो आणि तासाभरात निघून जातो. तो नोटाच घेतो, कारण कार्डाच्या यंत्राला नेटवर्क नसतं. हजाराची नोट दिली तर सुट्टे नसतात, म्हणून तो वहीत उधारी लिहून ठेवतो. बाजार आहे, पण तो एका माणसावर, एका व्हॅनवर आणि एका रस्त्यावर टेकलेला आहे. इथे कार्डावर पैसे टाकले तर उपयोग नाही. १००० ह्रिव्नियाच्या (ह्रिव्निया म्हणजे युक्रेनचं चलन) नोटा वाटल्या तर अर्धाच उपयोग. ५०, १०० आणि २०० च्या नोटा पोहोचवल्या तर मदत खरोखर चालते. अहवालात 'बाजार कार्यरत' किंवा 'बाजार बंद' यांपैकी एका चौकटीत खूण करून हे सगळं हरवून जातं, म्हणून दोन ओळी जास्त लिहा.

भावाची माहिती वेगळी गोळा करत बसू नका. 'रीच' ही संशोधन संस्था युक्रेनमध्ये इतर संस्थांसोबत बाजारभावांची संयुक्त पाहणी करते आणि ती सगळ्यांसाठी खुली असते. तिच्यातले प्रांताचे भाव घ्या आणि गावातल्या चार-पाच वस्तूंचे भाव शेजारी मांडा. गावात भाव जास्त असणारच, कारण माल आणणारा जीव धोक्यात घालून आणतो. प्रश्न आहे तो पैसे आल्यावर भाव आणखी चढतील का. त्यासाठी दुकानदाराला सरळ विचारा: 'पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक दुप्पट झालं तर दुप्पट माल आणता येईल का, आणि किती दिवसांत?' 'गाडी दोनदा नेईन' म्हणाला तर ठीक. 'गाडी तर आत्ताच भरून येते' म्हणाला तर हप्ते पाडा, किंवा त्या दुकानदारालाच माल भरायला आधी थोडं भांडवल द्या. हा दुसरा मार्ग नव्या लोकांना सुचत नाही. बाजाराच्या बाजूने केलेली छोटी मदत कधी कधी शंभर घरांचा प्रश्न सोडवते.

काही गोष्टी पैशाने मिळत नाहीत हे गृहीत धरून चला. सरपण त्यातलं पहिलं. युद्धरेषेजवळच्या जंगलांत सुरुंग पेरलेले आहेत, लाकूड तोडून आणणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून हिवाळ्याआधी लाकूड किंवा कोळशाच्या विटा प्रत्यक्षच पोहोचवाव्या लागतात. खिडक्यांना लावायची प्लास्टिकची चादर, पाणी, ठरावीक औषधं यांचंही बऱ्याच गावांत तेच.

तिसरी पायरी: पैसा हातात कसा पडेल

आपल्याकडे बँक खात्यात थेट जमा होणाऱ्या योजनांमुळे 'खातं आहे म्हणजे पैसे पोहोचले' असं डोक्यात बसलेलं असतं. युद्धरेषेजवळ खातं आणि हात यांच्यात बरंच अंतर असतं.

बँकेचा मार्ग पहिला. जिथे वीज, नेटवर्क आणि कार्ड घेणारं दुकान आहे, तिथे हाच सगळ्यात सुरक्षित, कारण कुणाला रांगेत उभं राहावं लागत नाही. युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने वीज गेल्यावरही चालू राहणाऱ्या शाखांचं 'पॉवर बँकिंग' नावाचं जाळं उभं केलं, आणि मोठ्या सरकारी बँकांपैकी ओश्चादबँकेने फिरत्या शाखाही चालवल्या. गावापासून सर्वांत जवळची अशी शाखा कुठे आहे आणि तिथल्या एटीएममध्ये नोटा असतात का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी दुकानाच्या गल्ल्यावरही कार्ड दाखवून रोकड काढता येते. मग खात्याच्या अडचणी पाहा. कार्डाची मुदत संपलेली, फोन नंबर बदलल्यामुळे संदेश येत नाहीत, खातं वर्षानुवर्षं वापरलेलं नाही, किंवा जुन्या थकबाकीपोटी खात्यावर जप्ती आहे आणि मदतीचे पैसे आले तसे अडकले. हा शेवटचा प्रकार नोंदणीच्या वेळीच हळुवारपणे विचारला तर पुढचा मनस्ताप वाचतो.

अशा गावांत आणखी एक रीत हमखास आढळते. म्हाताऱ्या माणसांची कार्डं आणि पिन एखादा शेजारी किंवा स्वयंसेवक गोळा करतो, शहरात जाऊन सगळ्यांचे पैसे काढतो आणि सामान घेऊन परततो. नियमावलीत याला जागा नाही. पण म्हणून डोळे झाकू नका. बहुतेक वेळा ती माणुसकीची व्यवस्था असते, काही वेळा त्यात पैसे खाल्लेही जातात. घरच्या माणसाला एकांतात विचारा की पावती मिळते का, पैसे पूर्ण येतात का. त्या मध्यस्थाला उघड करून गावाची एकमेव वाट बंद पाडू नका. शक्य असेल तर त्याच कामासाठी रीतसर प्रतिनिधी नेमण्याची सोय करा.

दुसरा मार्ग टपालाचा. उक्रपोश्ता ही सरकारी टपालसेवा गावोगाव पेन्शन पोहोचवते. आपल्याकडे पोस्टमन मनीऑर्डर आणून देतो तसंच. ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यातले बहुतेक पेन्शनर, आणि त्यांना या सेवेची सवय आहे. ओळखपत्र दाखवा, सही करा, नोटा मोजून घ्या. युद्धरेषेजवळ मागे राहिलेल्यांत वृद्धांचं प्रमाण मोठं आहे हे लक्षात घेतलं तर या मार्गाचं महत्त्व कळेल. दोन गोष्टी मात्र आधीच पक्क्या करा. टपाल घरपोच येतं की गाडी चौकात उभी राहते? आणि पाठवलेली रक्कम किती दिवस त्यांच्याकडे राहते व नंतर परत जाते? कुणी रुग्णालयात असेल तर त्याचे पैसे मुकाट्याने परत गेलेले असतात.

तिसरा मार्ग म्हणजे तुमच्या संस्थेने किंवा स्थानिक भागीदाराने पाकिटातून पैसे नेणं. हा शेवटचा उपाय समजा. रोकड घेऊन जाणाऱ्या माणसांचा जीव, लुटीची भीती, हिशेबाचा ताण, सगळंच वाढतं. तरी काही गावांत दुसरा मार्गच नसतो, आणि तिथे आधीपासून जाणारे स्थानिक स्वयंसेवकच हे करू शकतात. त्यांचा विमा, चिलखत, गाडी आणि 'आज जाणार नाही' म्हणण्याचा पूर्ण अधिकार या गोष्टी अंदाजपत्रकात लिहूनच पुढे जा.

चौथी पायरी: गर्दी होऊ देऊ नका

९ सप्टेंबर २०२५ रोजी दोनेत्स्क प्रांतातल्या यारोवा गावात उक्रपोश्ताची गाडी पेन्शन वाटत होती. त्या जागी रशियाचा बॉम्ब पडला आणि २० हून अधिक माणसं मारली गेली. ती पेन्शन घ्यायला आलेली वयस्क माणसं होती. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये खार्किव प्रांतातल्या ह्रोझा गावात एका मृताच्या स्मरणासाठी जमलेल्या लोकांवर क्षेपणास्त्र पडून ५९ जण गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोस्त्यान्तिनिव्कातल्या सुपरमार्केटवर हल्ला झाला.

यारोवाची घटना प्रत्येक नव्या सहकाऱ्याने समजून घ्यावी, कारण तिथे कुणी काही बेजबाबदारपणे केलेलं नव्हतं. महिन्याचा नेहमीचा व्यवहार होता. वृद्धांच्या हाती पैसे देण्याची तीच रूढ पद्धत होती. तीच पद्धत आपण आपल्या मदतीसाठी वापरणार असू, तर धोकाही आपल्याच योजनेत येऊन बसतो.

मग करायचं काय? वाटपाची जागा आणि वेळ गावाच्या व्हायबर किंवा टेलिग्राम गटावर कधीही टाकू नका. लोकांना एकेकाला फोन करा. ठरलेला वार आणि ठरलेली जागा मोडा. एका वेळी जागेवर किती माणसं चालतील हे आधी ठरवा आणि ती संख्या लहान ठेवा. जवळ तळघर नसेल तर ती जागाच नको. घरोघर जाणं शक्य असेल तर तेच करा, वेळ तिप्पट लागला तरी. सायरनवर विसंबू नका. युद्धरेषेच्या जवळ तो दिवसदिवस चालू असतो किंवा स्फोटानंतर वाजतो. टपाल किंवा बँकेबरोबर करार करताना या अटी करारात घाला, तोंडी समजुतीवर सोडू नका. आणि तुमच्या गाड्यांची ये-जा संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयामार्फत कळवण्याची जी पद्धत आहे तिचा वापर करा, पण कळवलं म्हणजे सुरक्षित झालो असं मानू नका.

ही पायरी पूर्ण करता आली नाही, म्हणजे सुरक्षितपणे हातात पैसे देण्याचा मार्ग सापडला नाही, तर त्या गावासाठी उत्तर 'सध्या नाही' असं लिहा. बाजार कितीही चांगला असला तरी.

पाचवी पायरी: किती आणि कुणाला

रक्कम तुम्ही ठरवत नाही. युक्रेनमध्ये काम करणाऱ्या संस्थांचा कॅश वर्किंग ग्रुप ती सगळ्यांसाठी ठरवतो. २०२२ मध्ये ती माणशी महिना २,२२० ह्रिव्निया होती. नंतर ३,६०० झाली, तेव्हा तीन महिन्यांचे मिळून १०,८०० एकदम देत. एक ह्रिव्निया म्हणजे ढोबळमानाने दोन रुपये. तुलनेसाठी, २०२४ मध्ये किमान पेन्शन महिना २,३६१ ह्रिव्निया होती, आणि विस्थापितांना सरकारकडून प्रौढाला २,०००, मुलाला किंवा अपंग व्यक्तीला ३,००० ह्रिव्निया महिना असा भत्ता ठरवलेला होता. एखादी संस्था स्वतःच्या मर्जीने जास्त किंवा कमी देऊ लागली की शेजारशेजारच्या घरांत कुरबुर सुरू होते आणि तिचा त्रास गावप्रमुखाला सोसावा लागतो.

एकाच माणसाला दोन संस्थांकडून एकाच कामासाठी पैसे जाऊ नयेत म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाचं 'बिल्डिंग ब्लॉक्स' हे व्यासपीठ तिथे वापरतात. व्यक्तीच्या कर क्रमांकावरून ते तपासतं. नोंदणीत तो क्रमांक एका अंकाने चुकला तर खरा गरजू बाहेर फेकला जातो, म्हणून क्रमांक ऐकून लिहू नका, कागद पाहून लिहा. आणि धार्मिक कारणाने ज्यांनी हा क्रमांक घेतलेलाच नाही अशीही माणसं आहेत, त्यांच्यासाठी पासपोर्टवरून नोंद करण्याची वाट ठेवा.

युद्धरेषेला अगदी लागून असलेल्या गावात निकषांचा फार कीस काढू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे उरलेला जवळजवळ प्रत्येकजण गरजू असतो. 'या घरात अपंग आहे, त्या घरात नाही' अशी छाननी करायला लागणारा वेळ आणि घ्यावा लागणारा धोका पाहता सगळ्यांना देणं स्वस्त पडतं आणि न्याय्यही ठरतं.

सहावी पायरी: याद्या

युद्धरेषा सरकते. आज युक्रेनच्या ताब्यातलं गाव उद्या दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतं. तेव्हा 'कुणी परदेशी मदत घेतली' ही यादीच एखाद्याच्या चौकशीचं निमित्त होऊ शकते. म्हणून छापील यादी गावात ठेवू नका. घरातलं कुणी सैन्यात आहे का, हा प्रश्न अर्जात असेल तर काढून टाका, मदतीसाठी त्याची गरज नाही. फोनवर जमा केलेली माहिती पाठवून झाली की फोनमधून पुसा. गावात कुणाला कळेल अशा मोठ्या आवाजात नाव-रक्कम वाचू नका. इतकं पाळलं तरी बरंच झालं.

सातवी पायरी: उत्तर लिहिताना

आता गावागावाच्या नोंदी समोर ठेवा आणि प्रत्येक गावाला स्वतःचं उत्तर द्या. साधारण चार प्रकार निघतात. शहरालगतच्या वस्त्यांत खात्यावर पैसे. व्हॅनवर चालणाऱ्या गावांत टपालाने लहान नोटा, हप्त्यांनी, घरपोच. अर्धवट बाजाराच्या गावांत थोडे पैसे आणि सोबत सरपण-औषधं. आणि जिथे दुकानही नाही, रस्ताही नाही, तिथे प्रत्यक्ष वस्तू, किंवा गावातल्याच पाच-सात माणसांच्या गटाला एकत्रित रक्कम. हा गटाचा मार्ग २०२२ पासून युक्रेनमध्ये बऱ्याच ठिकाणी वापरला गेला आहे. गट जनरेटरचं इंधन घेतो, तळघर नीट करतो, सगळ्यांचा पाव एकाच फेरीत आणतो. हिशेबाचे कागद त्यांच्यावर फार लादू नका. वहीत लिहिलेली यादी आणि पावत्यांचे फोटो पुरे व्हावेत, हे देणगीदाराशी आधीच बोलून घ्या.

बैठकीत एक शंका हमखास निघते: पैसे दिले तर लोक धोक्याच्या गावातच राहतील, सक्तीच्या स्थलांतराचा आदेश असताना आपण त्यांना थांबायला मदत करतो का? लोक का थांबतात ते त्यांनाच विचारून पाहा. अंथरुणाला खिळलेली आई, गाय, शहरातल्या भाड्याची धास्ती, आणि एकदा जाऊन परत यावं लागल्याचा अनुभव. तीन महिन्यांच्या या रकमेसाठी कुणी बॉम्बखाली राहत नाही. उलट, निघायचं ठरवलेल्याला पहिल्या महिन्याचं भाडं याच पैशातून देता येतं. त्यामुळे माणूस गाव सोडून गेला तरी त्याचे पैसे त्याच्या मागोमाग जातील अशी सोय योजनेत असलीच पाहिजे. टपालाने पाठवत असाल तर नवा पत्ता कळवण्यासाठी एक फोन नंबर द्या, आणि त्या नंबरवर उत्तर देणारं माणूस ठेवा.

उत्तरासोबत ते किती दिवस ग्राह्य आहे हेही लिहा. युद्धरेषेपासून दूरच्या गावासाठी महिना चालेल. जवळच्या गावासाठी आठवडा. कोणती गोष्ट घडली की वाटप त्याच क्षणी थांबवायचं, हे आधीच नावानिशी लिहून ठेवा: व्हॅन सलग दोनदा आली नाही, टपालाने त्या रस्त्यावर जाणं थांबवलं, पूल पडला, गावात किंवा रस्त्यावर ड्रोनने गाडी मारली. थांबवण्याचा फोन कोण करणार आणि कुणाला, तेही लिहा. तो अधिकार राजधानी कीवमधल्या व्यवस्थापकाकडे न ठेवता प्रांतातल्या समन्वयकाकडे ठेवा, कारण रस्त्यावर असलेल्या सहकाऱ्याला मंजुरीची वाट पाहत बसवता येत नाही.

पैसे पोहोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी फोन करून विचारणा करतात. तेव्हा 'समाधानी आहात का' या प्रश्नावर वेळ घालवू नका. पैसे हातात पडायला किती दिवस लागले, त्यासाठी किती लांब जावं लागलं, वाटेत भीती वाटली का, कुणी त्यातले पैसे मागितले का, आणि ज्या गोष्टीसाठी पैसे हवे होते ती मिळाली का, हे पाच प्रश्न विचारा. 'मिळाली नाही' असं एकाच गावातून तीन-चार घरांनी सांगितलं, तर त्या गावाची दुसरी पायरी त्याच दिवशी पुन्हा सुरू करा, पाववाल्याला फोन लावण्यापासून.